नार्डूची भाकर

हल्ली सुट्टी लागली की मुलांना रानातल्या शिबिराला पाठविण्याची टूम निघाली आहे. काडेपेटीवाचून विस्तव करावा, सूर्यावरून दिशा ओळखावी, पाण्याचा माग काढावा, पानाफळांवर दोन दिवस काढावेत, अशी ती विद्या चार दिवसांत शिकवितात. टूम वाईट नाही. शाळामास्तर या नात्याने मी तिची भलावणच करतो, कारण चूल पेटविता न येणारा पंधरा वर्षांचा मुलगा पाहिला की माझ्या पोटात तुटते. मात्र त्या शिबिरांच्या पत्रकांवर ‘निसर्गावर मात करा’ असे ठळक अक्षरांत छापलेले दिसले, म्हणजे मला ऑस्ट्रेलियातल्या एका ओढ्याकाठी १८६१ च्या थंडीत दगडावर बिया कुटीत बसलेली तीन माणसे आठवतात. तिघेही या विद्येत अगदी नवशिके होते. दोघे मेले, एक वाचला. कोण का मेले आणि कोण कसा वाचला, ती हकीकत दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी सांगण्याजोगी आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. कारण ती सबंध हकीकत खाण्याचीच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेकडील व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोने सापडले आणि मेलबर्न शहर दहा वर्षांत गब्बर झाले. पैसा आला की माणसाला कीर्तीची भूक लागते, शहरांनाही लागते. खंडाच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघून मधले अज्ञात वाळवंट ओलांडावे आणि उत्तरेच्या कार्पेंटारियाच्या आखातापर्यंत जाऊन यावे, असे तिथल्या रॉयल सोसायटीने ठरविले. २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून ती स्वारी निघाली तेव्हा निरोपाला पंधरा हजारांचा जमाव लोटला होता. एकोणीस माणसे, घोडे, उंट, गाड्या, आणि सुमारे वीस टन सामान. सामानात जेवणाचे लाकडी टेबल होते, त्याच्या खुर्च्या होत्या, एक चिनी घंटाही होती. उंटांना ताकद यावी म्हणून साठ गॅलन रम घेतली होती! बारशाला निघालेल्या श्रीमंताच्या घरचे बिऱ्हाड असावे तसे ते लटांबर.

उंट आपल्या बाजूचे होते. जॉर्ज लँडेल्स नावाच्या गृहस्थाने ते हिंदुस्थानातून खरेदी करून कराचीच्या बंदरातून जहाजावर चढविले होते आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही नेले होते. त्यांपैकी सामला नावाचा एक हिंदू उंटवाला होता. मिळणारे मांस त्याच्या धर्माला चालेना, म्हणून नुसत्या पावावर आणि पाण्यावर काही दिवस काढून बिचाऱ्याने सुरुवातीलाच रजा घेतली. दोस्त महंमद नावाचा दुसरा उंटवाला शेवटपर्यंत टिकला. पुढे एका माजलेल्या उंटाने त्याचा उजवा हात कायमचा निकामी केला, आणि त्याच मुलखात त्याला मूठमाती मिळाली. पुतळ्यांच्या पायथ्याशी ही नावे सापडत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

स्वारीचा नायक रॉबर्ट ओ’हारा बर्क. आयरिश, पूर्वी ऑस्ट्रियाच्या फौजेत, नंतर व्हिक्टोरियात पोलीस अधिकारी. धाडसी, देखणा, तापट. अज्ञात मुलखात प्रवास केल्याचा अनुभव शून्य. त्याचा साथीदार विल्यम जॉन विल्स हा इंग्लंडातल्या टॉटनेसचा, सव्वीस वर्षांचा, वेधशाळेत काम केलेला, शांत स्वभावाचा हुशार तरुण. ताऱ्यांवरून तो आपले ठिकाण अचूक काढी. आणि तिसरा जॉन किंग. हा आयरिश पोर लहानपणी सैनिकी शाळेत वाढला, सत्तराव्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला, पेशावरला पलटणीच्या शाळेत काही वर्षे दुय्यम मास्तर होता, सत्तावनचे रण त्याने पाहिले, तापाने खंगला आणि हवापालटासाठी कराचीला असताना लँडेल्सला भेटला. उंटवाल्यांवर देखरेख करायला म्हणून तो या स्वारीत आला. दुय्यम मास्तर! या एका कारणाने माझा ओढा त्याच्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मेनिंडी गावी पोहोचेपर्यंत लँडेल्सचे बर्कशी बिनसले आणि तो सोडून गेला. विल्स दुय्यम नायक झाला. अर्धी माणसे आणि बरेचसे सामान मागे ठेवून बर्क पुढे दौडला. नोव्हेंबरात तो खंडाच्या मधोमध कूपर्स क्रीक नावाच्या ओढ्यावर आला. ओढा म्हटले तरी आपल्याकडचा नव्हे. पूर आला की मैलोगणती पसरणारा आणि एरवी लांबच लांब डोहांच्या माळेसारखा उरणारा हा प्रवाह आहे. डोहांत मासे, काठाला कूलिबा नावाची झाडे, झाडांवर पक्षी. तिथे यांड्रुवांधा नावाचे लोक हजारो वर्षे राहत आले होते. ते जाळी विणीत, मासे धरीत, बिया दळून भाकरी करीत. म्हणजे ज्याला मेलबर्नचे लोक ‘भयाण अज्ञात’ म्हणत होते, ते कुणाचे तरी परसदार होते.

१६ डिसेंबरला बर्क, विल्स, किंग आणि चार्ल्स ग्रे असे चौघे सहा उंट, एक घोडा आणि तीन महिन्यांची शिधा घेऊन उत्तरेला निघाले. विल्यम ब्राहे नावाच्या माणसाला ओढ्यावरच्या तळावर ठेवून तीन महिने वाट पाहण्यास सांगितले. विल्सने खासगीत चार महिने थांबण्याची विनंती केली. फेब्रुवारीत ते आखाताजवळच्या खाजणात पोहोचले. भरतीचे खारे पाणी चाखले, पण खाजणातल्या झाडांच्या गचपणामुळे उघडा समुद्र काही दिसला नाही. परतताना पावसाने वाट चिखलाची केली, शिधा संपली, उंट आणि घोडा मारून खावे लागले. ग्रेने चोरून पीठ खाल्ले म्हणून बर्कने त्याला मारले. १७ एप्रिलला तो मेला. मढे पुरायला उरलेल्या तिघांचा एक दिवस गेला.

२१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी ते तळावर पोहोचले, तर तळ मोकळा. ब्राहे चार महिने आणि पाच दिवस थांबून त्याच सकाळी निघून गेला होता. मी कादंबऱ्या लिहितो. असा योगायोग मी प्रकरणाच्या शेवटी घातला असता, तर संपादकांनी तांबड्या पेन्सिलीने खोडला असता. झाडावर ‘खणा’ असे इंग्रजीत कोरलेले होते. खणल्यावर पीठ, साखर, तांदूळ आणि वाळवलेले मांस निघाले. ब्राहेच्या मागे जाण्याची ताकद नव्हती. दोन दिवस विसावा घेऊन बर्कने नैर्ऋत्येला माउंट होपलेसच्या बाजूला, सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरांवरच्या वस्तीकडे जायचे ठरविले. निघताना चिठ्ठी पुरली, पण झाडावरच्या खुणेत बदल केला नाही. ८ मे रोजी ब्राहे एका सोबत्याला घेऊन पुन्हा तळावर आला, जागा होती तशीच दिसली, आणि पाव तासात तो परत गेला.

इतिहासाच्या पुस्तकांतून ही हुकलेली भेट फार रंगवितात. ‘हाय रे दैवा’ म्हणून वाचक उसासा टाकतो आणि पान उलटतो. माझी तक्रार ही की खरी गोष्ट त्या पानानंतर सुरू होते. तळ मोकळा सापडला त्या दिवसापासून पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ हे तिघे मासे असलेल्या ओढ्याकाठी, रोज पोटभर जेवणाऱ्या लोकांच्या शेजारात होते. दैवाने त्यांना मारले नाही.

उरलेल्या दोन उंटांपैकी एक चिखलात रुतला, दुसरा ‘राजा’ हा मे महिन्याच्या सुरुवातीला कोसळला. पाणी पाठीवर वाहून न्यायला जनावर उरले नाही, त्यामुळे ओढा सोडता येईना. यांड्रुवांधा त्यांना मासे देत, भाकरी देत, चघळायला एक गुंगी आणणारा पाला देत. विल्स एकदा एकटाच त्यांच्या वस्तीवर गेला. त्याला त्यांनी दोन लठ्ठ उंदीर कातडीसकट भाजून वाढले आणि त्याला ते फारच रुचले. (वाचकांनी नाक मुरडू नये, भूक हीच थोर सुगरण.) आपण या लोकांत राहून पाहावे, त्यांच्या रीतीभाती शिकाव्या, असे त्याच्या मनात आले होते. रोजनिशीत त्याने तसे नोंदविले आहे. पण पुन्हा गेला तर वस्ती हललेली.

आता त्या भाकरीबद्दल. ती ‘नार्डू’ची असे. हे नाव त्यांना कळले, पण नार्डू कुठे लागतो हे कळले नव्हते. विल्स बी शोधायला निघाला तो झाडे न्याहाळीत! गव्हाचे रोप सोडले तर त्याच्या ओळखीची सारी फळे झाडावर लागत, म्हणून हेही झाडावरच असणार. शेवटी १७ मे रोजी किंगची नजर सपाटीवर गेली आणि जमिनीलगत पसरलेल्या वेलीवजा वनस्पतीची काळपट, टणक बोंडे त्याला दिसली. नार्डू हे नेचाच्या कुळातले, चार पाकळ्यांसारखी चार पाने असलेले छोटे रोप आहे. त्याच जातीची एक भावंड वनस्पती आपल्याकडे भाताच्या खाचरांच्या कडेला ओलीत उगवते आणि बंगालात तिची भाजी करतात. पुराचे पाणी ओसरले की नार्डूची बोंडे जमिनीवर उरतात, ती वर्षानुवर्षे टिकतात.

तिघांना वाटले, सुटलो. किंगने गोळा करावे, बर्क आणि विल्सने कुटावे, असा क्रम सुरू झाला. सोडून दिलेल्या झोपड्यांतले दगडी पाटे-वरवंटे त्यांना मिळाले होते. रोज तिघे मिळून चार-पाच पौंडांपर्यंत ते खात. पोट भरे आणि अंगातली शक्ती मात्र रोज गळे. पाय लटपटू लागले, नाडी मंद झाली, थंडी सोसेना. विल्सने मरणापूर्वी काही दिवस लिहून ठेवले आहे की नार्डूवरची ही उपासमार एवढा अशक्तपणा सोडला तर त्रासाची म्हणता येत नाही, कारण जेवल्याचे समाधान मिळते. वेधशाळेत तयार झालेला मुलगा. आपल्याच शरीराचा वेध तो असा घेत होता.

हे असे का झाले, ते त्या काळी कुणालाच सांगता आले नसते. जीवनसत्त्व ही कल्पनाच पुढे अर्ध्या शतकाने आली. १९९४ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात दोन संशोधकांनी उलगडा मांडला: नार्डूच्या बोंडात थायमिनेझ नावाचे द्रव्य भरपूर असते आणि ते शरीरातल्या ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. ते संपले की बेरीबेरी जडतो. तोच रोग, जो जावा बेटात नुसत्या सडलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्यांना होई आणि ज्याचे मूळ शोधताना आइकमन या डच डॉक्टरला कोंबड्यांनी वाट दाखविली. मग यांड्रुवांधा नार्डू खाऊन धडधाकट कसे? त्यांच्या बायका बोंडे वाटताना सारखे पाणी घालीत, पातळ लापशीसारखे वाटण करीत. या पाण्याने त्या द्रव्याचा जोर मोडतो, असे ते संशोधक म्हणतात. शिवाय नुसत्या नार्डूवर कुणी जगत नसे. मासे, शिंपले, शेंगा, पक्षी असा चारीठाव आहार असे. आमच्या तिघांनी बोंडे कोरडी कुटली आणि दुसरे काही फारसे खाल्ले नाही. म्हणजे पदार्थ तोच, पाटा तोच, वरवंटा तोच. हरवली होती ती फक्त पाण्याची ओंजळ.

आमच्या कोकणातल्या डोंगरपट्टीत कडू करांद्यांचे असेच आहे. कातकरी बायका ते चिरतात, राख घालून शिजवितात आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. मगच ते पोरांच्या तोंडी पडतात. एकदा वर्गात मी रानभाज्यांचा धडा शिकवीत होतो. ‘करांदे कंदमूळ आहेत, ते खाद्य आहेत’ एवढे पुस्तकात छापलेले वाक्य मी वाचले, तेव्हा मागच्या बाकावरची वाडीवरची मुलगी पुटपुटली, “गुरुजी, पाण्यात ठेवले नाय तर घसा धरतोय.” पुस्तकातले वाक्य खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे तिच्या आजीकडे होते. मी तिला फळ्यापाशी बोलावून सारी कृती सांगायला लावली.

बर्कने आजीला विचारले नाही. नुसते विचारले नाही असे नव्हे, त्याला कुणाच्या उपकारात राहणे सोसेना. एका यांड्रुवांधा माणसाने मेणकापड उचलले म्हणून त्याने बार काढला. पुढे ते लोक जाळ्यांतून मासे घेऊन आले, तर त्याने ती जाळी त्यांच्या हातांतून झटकून पाडली. शूर माणसाला भीक म्हणजे मरण वाटते, हे मी समजू शकतो. पण पाहुणचार आणि भीक यांतला फरक त्याला कळू नये, याचे मला फार वाईट वाटते. लोक दुरावले. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, विल्सला उठवेना. त्याच्याच सांगण्यावरून त्याच्यापाशी काही दिवसांचे नार्डू आणि पाणी ठेवून बर्क आणि किंग लोकांचा शोध घेत ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाले. दोन-तीन दिवसांत बर्कही पडला. मला पुरू नकोस, पिस्तूल उजव्या हातात असू दे, असे त्याने किंगला सांगितले आणि सकाळपर्यंत त्याचा प्राण गेला. किंग तीन कावळे मारून विल्ससाठी घेऊन आला, तो विल्सही गेलेला.

आता उरला दुय्यम मास्तर. विशीच्या आसपासचा, एकटा. त्याने वाळूत पावले धरली आणि माग काढीत यांड्रुवांधांची वस्ती गाठली. पुढची हकीकत त्याने स्वतः सांगितली आहे, आणि सबंध स्वारीच्या दप्तरात मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

तो एकटाच उरला आहे हे समजल्यावर लोकांना त्याची दया आली. त्यांनी त्याला जेवू घातले. चार दिवसांनी मात्र ते कंटाळलेले दिसले. आम्ही वर जातो, तू खाली जा, असे त्यांनी खुणांनी सांगितले. किंगने न समजल्याचे सोंग केले. (चाळीस मुलांच्या वर्गाला शिकविलेल्या माणसाला हे सोंग चांगलेच ओळखीचे असणार.) मग त्याने बंदुकीने काही पक्षी मारून त्यांना दिले. ते खूष झाले, त्यांनी वस्तीच्या मधोमध त्याच्यासाठी वाऱ्याचा आडोसा उभारला आणि कावळे शिजेपर्यंत त्याच्याभोवती बसून राहिले. एका बाईला त्याने कावळ्यातला वाटा दिला होता. तिने नार्डूचा एक गोळा आणून दिला आणि हात दुखतो म्हणून जास्त कुटता येत नाही, असे सांगितले. किंगने दंडावरची जखम पाहिली, पाणी उकळून स्पंजाने धुतली आणि जवळचे झोंबरे औषध लावले. बाई ओरडत पळाली, पण त्या दिवसापासून ती आणि तिचा नवरा सकाळ-संध्याकाळ त्याला नार्डू आणून देऊ लागली आणि मासे धरायला जाताना बरोबर नेऊ लागली.

दर काही दिवसांनी लोक त्याला घेरून विचारीत: तू वर जाणार की खाली? अखेर त्याने त्यांना समजावून दिले की तुम्ही वर गेलात तर मी वर येईन, तुम्ही खाली गेलात तर मीही खाली. तेव्हापासून ते त्याला आपल्यातलाच एक मानू लागले आणि त्याला नियमाने मासे व नार्डू मिळू लागले. बर्क कुठे पडला आहे हे पाहण्याची त्यांना फार ओढ होती. एके दिवशी जवळच मासे धरताना त्याने त्यांना तिथे नेले. ती हाडे पाहून सगळी मंडळी रडली आणि त्यांनी झुडपांच्या फांद्यांनी ते शरीर झाकले. ज्याने त्यांच्या हातची जाळी झटकली होती, तोच हा.

किंग असा अडीच महिने जगला. आल्फ्रेड हाउइट याच्या शोधपथकाला १५ सप्टेंबर १८६१ रोजी तो सापडला, तेव्हा चिंध्या पांघरलेला तो सांगाडा गोऱ्या माणसाचा आहे हेही प्रथम कुणाला ओळखू आले नाही. हाउइट निराळ्या जातीचा माणूस होता. तो रानात वावरलेला होता, अन् पुढे त्याने तिथल्या मूळ लोकांचे रीतिरिवाज अभ्यासून १९०४ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने यांड्रुवांधांना बोलावून सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, साखर आणि पीठ वाटले.

मेलबर्नला किंगला पाहण्यासाठी झुंबड उडाली. त्याला ती सोसवेना. प्रकृती पुन्हा सावरली नाही, आणि १८७२ च्या जानेवारीत क्षयाने तो वारला. त्याला सालिना १८० पौंड पेन्शन दिले होते. बर्क आणि विल्स यांची हाडे मात्र आणवून २१ जानेवारी १८६३ रोजी प्रचंड समारंभाने पुरली गेली आणि १८६५ मध्ये त्यांचा भव्य पुतळा उभा राहिला. स्वारीत एकूण सात माणसे गेली, साठ हजार पौंडांच्या घरात खर्च झाला.

पुढल्या दोन दशकांत गोऱ्यांची गुरेमेंढरे कूपर्स क्रीकवर आली. ज्या पाणवठ्यांवर किंग जगला ते कुरणवाल्यांचे झाले, आणि यांड्रुवांधांची संख्या रोगांनी व जुलमांनी झपाट्याने घटली. त्यांचे वंशज आजही आहेत. स्वारीच्या समितीने त्यांच्या पूर्वजांना, बर्क, विल्स आणि किंग यांना दाखविलेल्या माणुसकीबद्दल, गळ्यात घालायचे पितळी पट्टे दिले होते. मजकूर इंग्रजीत कोरलेला होता. तो त्यांना वाचून कोणी दाखविला असेल तर ते किंगसारख्या एखाद्या मास्तरनेच दाखवायला हवे होते. पण किंग पुन्हा त्या ओढ्याकडे गेला नाही.